लिलियन गिश बघताना हसू का येतं आणि तिचं करिअर नेमकं कशाने थांबलं

एकांकिका स्पर्धांमधून पुढे आलेली, सध्या प्रायोगिक नाटकात काम करणारी एक मुलगी मला लिहिते: "ताई, लिलियन गिशला सगळे थोर म्हणतात म्हणून मी 'वे डाउन ईस्ट' मोबाइलवर पाहिला. मला हसू आलं. सगळे नुसते पळतायत, हातवारे करतायत. त्या काळी चेहरा चांगला असला की भागायचं का? आणि बोलपट आल्यावर या बायका आवाजामुळे संपल्या, हे खरं का?"

लिलियन गिश म्हणजे अमेरिकन मूकपटांतली मोठी नटी, आणि 'वे डाउन ईस्ट' हा तिचा गाजलेला मूकपट. तो बघताना हसू आलं ते लपवू नकोस. पहिल्यांदा मूकपट बघणाऱ्या बहुतेकांना येतं, मलाही आलं होतं. मी तीस वर्षांहून जास्त काळ संकलन केलं. त्यातली पहिली बरीच वर्षं फिल्म हातात धरून कापण्याची होती. आता अभिनय शिकणाऱ्या मुलांना जुने सिनेमे दाखवते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी वेगाचं सांगते. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने चालवायचा. कॅमेरामन मनात ठेका धरून दांडी फिरवायचा. सेकंदाला कधी १६ फ्रेम्स, कधी १८, कधी वीसच्या वर. थिएटरातला ऑपरेटरही आपल्या अंदाजाने प्रोजेक्टर चालवायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी आवाज आला आणि वेग २४ वर बांधावा लागला, कारण फिल्मचा वेग जरा इकडेतिकडे झाला की सूर बदलतो आणि ते कानाला लगेच खटकतं. आता १६ ने घेतलेली फिल्म तू २४ ने चालवलीस की सगळं दीडपट पळणार. तासाभराचा सिनेमा ४० मिनिटांत उरकणार. चालणारा माणूस तुरुतुरु पळणार आणि रडणारी बाई उचकी लागल्यासारखी दिसणार. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी प्रती अशाच पळवलेल्या असतात.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत आम्ही काही जणांनी एका सभागृहात 'वे डाउन ईस्ट' १६ एमएम रुंदीच्या फिल्मवर दाखवला होता. प्रोजेक्टर एकाच वेगाचा. त्यात एक प्रसंग आहे. खोट्या लग्नात फसवली गेलेली ॲना मूर परक्या घरात एकटी बसली आहे, जवळ मरायला टेकलेलं तान्हं बाळ. बाप्तिस्मा न होता ते गेलं तर त्याची गती काय, या भीतीने ती स्वतःच पाणी घेऊन त्याला नाव देते. सभागृहात हशा पिकला. मी मागे उभी होते, माझ्या पोटात खड्डा पडला. पुढे तीच रिळं मी स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर लावली. त्या टेबलावर वेग आपल्याला हवा तसा उतरवता येतो. वेग खाली आणत गेले आणि एका ठिकाणी चित्र जागेवर आलं. हात हातासारखा हलायला लागला, पापणी पापणीसारखी मिटायला लागली. मघाशी जिथे लोक हसले होते तिथे मी मशीन थांबवून बसून राहिले. तेव्हापासून मी गिशवर कुणाशी वाद घालत नाही, आधी कुठल्या वेगाने पाहिलं ते विचारते.

दुसरी गोष्ट फिल्मची. त्या वेळची नेहमीची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ काळे यायचे, गालांवरची लाली डागासारखी यायची आणि निळ्या रंगाचे डोळे पांढरट, रिकामे दिसायचे. गिशचे डोळे निळे होते. म्हणजे तुमचा नुसता चेहरा चांगला असून उपयोग नव्हता, तो त्या फिल्मला कसा दिसणार हे ठाऊक असावं लागे. ओठ किती रंगवायचे, कुठल्या प्रकाशात नजर कुठे ठेवायची, कपाळावरची बट कुठल्या बाजूने उजळेल. गिशने हे सगळं कॅमेरामनइतकं मन लावून शिकून घेतलं होतं. 'ब्रोकन ब्लॉसम्स' या सिनेमाच्या वेळी हेन्ड्रिक सार्टोव्ह नावाच्या छायाचित्रकाराने मऊ फोकसच्या भिंगातून तिचे क्लोज-अप घेतले. त्या भिंगाची किंमत तिला इतकी पटली की पुढे एमजीएम या बड्या स्टुडिओत गेली तेव्हा सार्टोव्ह तिच्याबरोबर होता.

आता ती आली कुठून ते सांगते. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये १४ ऑक्टोबर १८९३ ला तिचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले, आईने पोटासाठी नाटकात कामं धरली आणि लिलियन आणि धाकटी डोरोथी या दोघींनाही लहानपणीच रंगमंचावर उभं केलं. फिरत्या कंपन्या, रात्रीच्या रेल्वेगाड्या, शाळेचा पत्ता नाही. अशा वणवणीत या मायलेकींची ग्लॅडिस स्मिथ नावाच्या दुसऱ्या बालनटीच्या कुटुंबाशी गाठ पडली आणि काही काळ दोन्ही बिऱ्हाडं एकत्र राहिली. १९१२ मध्ये गिश बहिणींना एका सिनेमात ग्लॅडिस दिसली. तिला भेटायला त्या न्यूयॉर्कच्या १४ व्या रस्त्यावरच्या बायोग्राफ कंपनीत गेल्या. ग्लॅडिसचं नाव तोवर मेरी पिकफोर्ड झालं होतं. तिने दोघींना तिथला दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या पुढ्यात उभं केलं.

ती चाचणी गिशने आपल्या आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहे. ग्रिफिथला दोघींतली लिलियन कुठली आणि डोरोथी कुठली हे कळेना, म्हणून त्याने एकीच्या केसांना निळी फीत बांधायला लावली आणि दुसरीच्या केसांना लाल. मग "निळे, तू इकडे बघ, लाल, तू घाबर" असं सुरू झालं. मुली घाबरल्याचं नाटक करतायत असं वाटल्यावर त्याने खिशातून पिस्तूल काढलं आणि छताच्या दिशेने गोळ्या झाडत दोघींच्या मागे खोलीभर धावला. त्यातून 'ॲन अनसीन एनिमी' हा त्यांचा पहिला सिनेमा झाला. सुरुवातीची मजुरी दिवसाला पाच डॉलर. पडद्यावर नाव नाही. बायोग्राफ नटांची नावं छापतच नसे, कारण नाव झालं की भाव वाढतो हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. नाटकवाली माणसंही सिनेमात काम केल्याचं चारचौघांत सांगत नसत. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे फाळके तारामतीसाठी बाई शोधून थकले आणि शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनी लुगडं नेसवून उभं केलं. पडद्यावर येणाऱ्या बाईकडे बघायची नजर तिकडेही फार वेगळी नव्हती.

"नुसता चेहरा" हा तुझा शब्द मला टोचला, म्हणून तिची तालीम सांगते. ग्रिफिथ कॅमेरा न लावता अख्खा सिनेमा कित्येक दिवस बसवून घ्यायचा. पटकथा लिहिलेली नसायची. ती तालमीत घडायची. रिकाम्या खोलीत खुर्च्या मांडून दार कुठे, खिडकी कुठे ठरवायचं आणि करत राहायचं. तुझ्या एकांकिकेची तालीम याहून निराळी नसेल. १९१५ मध्ये रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांनी लॉस एंजेलिसमध्ये डेनिशॉन ही नृत्यशाळा काढली तेव्हा ग्रिफिथच्या नट्या तिथे शिकायला जाऊ लागल्या, त्यात गिशही होती. तिचं शरीर बघ, सडपातळ आणि नाजूक वाटतं. पण ती वळते तेव्हा ते वळण पाठीच्या कण्यातून येतं. ते अंगात मुरलेलं आहे.

'ब्रोकन ब्लॉसम्स' १९१९ चा. जेमतेम १८ दिवसांत चित्रित झाला. गिश नुकतीच स्पॅनिश फ्लूतून उठली होती, वय पंचविशीचं, आणि भूमिका लंडनच्या लाइमहाउस वस्तीतल्या मार खाणाऱ्या कोवळ्या मुलीची, ल्यूसीची. बाप मुष्टियोद्धा आहे, दारू पिऊन मारतो आणि वर म्हणतो, हस. तिला हसता येत नाही. मग ती दोन बोटं ओठांच्या कडांना लावते आणि ओठ वर ढकलते. बोटांनी केलेलं हसू. ही कल्पना गिशची स्वतःची होती, तालमीत अचानक सुचलेली. ग्रिफिथने ती उचलली आणि सिनेमाभर फिरवली, अगदी ल्यूसी मरते तिथपर्यंत. तू नटी आहेस, तेव्हा तुला एक सांगते. या एका कृतीत संवाद नाही आणि भाव दाखवण्याचा आटापिटाही नाही. बापाचा हुकूम पाळण्याचा एक गरीब उपाय ती करते, बस. बघणाऱ्याच्या काळजात जे होतं ते त्या उपायामुळे होतं.

मग तो कपाटाचा प्रसंग. बापाच्या भीतीने ल्यूसी एका चिंचोळ्या कपाटात शिरून आतून दार लावून घेते. बाहेर बाप कुऱ्हाडीने दार फोडतोय. आत माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा. ती वळते, भिंत. पुन्हा वळते, पुन्हा भिंत. पिंजऱ्यात सापडलेल्या जनावरासारखी ती तिथल्या तिथे गरागरा फिरत राहते आणि तोंड उघडून किंचाळते. ते किंचाळणं खरं होतं, मूकपटातलं असलं तरी. गिश सांगायची की हे फिरणं तिने घरी स्वतःशी तयार केलं होतं आणि ग्रिफिथला आधी कळू दिलं नव्हतं. शॉट झाल्यावर तो हादरून तिला म्हणाला की आधी सांगायचं तरी. मी वर्गात हा प्रसंग दाखवते तेव्हा मुलांना म्हणते, चेहरा बघू नका, तळवे बघा. ती तळव्यांनी भिंतीत वाट चाचपते आहे. संकलक म्हणून मला इथे एक मोह होतो, मध्ये आणखी दोन कट टाकावेत. दर वेळी वाटतं आणि दर वेळी लक्षात येतं की नको, तिला वेळ द्यायला हवा, वेळ दिला म्हणूनच ते असह्य होतं.

या सिनेमातली एक गोष्ट आज सहन होत नाही, तीही सांगून ठेवते. त्यातला चिनी नायक रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटाने डोळे ताणून, पाठ वाकवून केला आहे. त्या काळी हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं. ॲना मे वाँगसारखी अव्वल चिनी-अमेरिकन नटी तिथेच असूनही दुय्यम भूमिकांत अडकून पडली आणि १९२८ मध्ये युरोपात निघून गेली.

आणि 'द बर्थ ऑफ अ नेशन'. १९१५ चा हा सिनेमा तांत्रिकदृष्ट्या मोठा, आणि विषारी. कृष्णवर्णीयांना राक्षस केलं आहे, कू क्लक्स क्लॅनला तारणहार. त्याच वर्षी क्लॅन नव्याने उभी राहिली आणि तिने हा सिनेमा भरतीसाठी वापरला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच रस्त्यावर उतरून विरोध केला होता. गिशने त्यात एल्सी स्टोनमनची मोठी भूमिका केली. भूमिका तरुणपणी केली, हे समजू शकते. पण पुढे सत्तर वर्षं ती ग्रिफिथची पाठराखण करत राहिली, त्या सिनेमाच्या विषाबद्दल स्वच्छ शब्दांत बोलली नाही, हे मला समजून घेता येत नाही. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात गिश बहिणींच्या नावाचं थिएटर होतं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या मागणीवरून ते नाव काढलं, तेव्हा सिनेमाजगतातल्या अनेकांनी निषेध केला. मी विद्यार्थ्यांच्या बाजूने होते. तिचं काम बघायचं थांबवू नये असं मला वाटतं, पण रोज ज्या दारातून आत जायचं त्या दारावर कुणाचं नाव असावं हे तिथून जाणाऱ्यांनी ठरवावं.

आता तू पाहिलेला 'वे डाउन ईस्ट', १९२०. बर्फाचे तुकडे वाहत चाललेल्या नदीत ती बेशुद्ध पडून वाहत जाते, तो शेवट. हिमवादळाचं चित्रण न्यूयॉर्कजवळ मॅमरोनेकला खऱ्या वादळात केलं. तिच्या पापण्यांवर बर्फाचे कण गोठले आणि ग्रिफिथने कॅमेरामन बिली बिट्झरला तो चेहरा जवळून घ्यायला लावलं. नदीचं काम व्हरमाँटमधल्या व्हाइट रिव्हर जंक्शनला. बर्फावर आडवं पडून एक हात आणि केस पाण्यात सोडायचे, ही कल्पना पुन्हा तिचीच. तिच्या सांगण्याप्रमाणे तीन आठवडे, दिवसातून कमीत कमी वीस वेळा ती त्या बर्फावर झोपली. त्या हाताची बोटं पुढे जन्मभर दुखावलेलीच राहिली. मग कपारीवरून कोसळणाऱ्या पाण्याचे शॉट नायगाराचे, काही तुकडे उन्हाळ्यात कनेक्टिकटला लाकडी हिमखंड करून घेतलेले, आणि हे सगळं एकत्र कापलेलं. संकलनाची चलाखी आहे ना, मग धोका कुठला, असं मुलं विचारतात. धबधब्याचा कडा चलाखीचा, पण पाण्यातला हात खरा. तो प्रसंग पुन्हा लाव आणि फक्त त्या हाताकडे बघ.

याच काळात तिने एक सिनेमा दिग्दर्शित केला, 'रीमॉडेलिंग हर हजबंड', १९२० चा, नायिका डोरोथी. डोरोथी विनोदी भूमिकांत बहिणीहून सरस होती. त्या सिनेमाची एकही प्रत आज उरलेली नाही. नंतर लिलियन म्हणायची की दिग्दर्शन हे बायकांचं काम नव्हे. मला हे तिचं मत कधीच पटलं नाही. त्या सुमारास लोइस वेबर हॉलिवूडच्या नामांकित दिग्दर्शकांत गणली जात होती, फ्रान्सिस मॅरियन एकामागून एक पटकथा लिहीत होती. हॉलिवूड मोठा धंदा व्हायच्या आधी त्यात बायकांना जितकी जागा होती तितकी पुढे कित्येक दशकं उरली नाही. गिशची पुढची कथा त्याचाच भाग आहे.

'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' (१९२१) नंतर ती ग्रिफिथपासून वेगळी झाली. भांडण नव्हतं. तिच्या नावाला जी किंमत आली होती ती त्याला देणं परवडत नव्हतं. मग ती इटलीत गेली आणि तिथे 'द व्हाइट सिस्टर' (१९२३) आणि 'रोमोला' (१९२४) केले. पहिल्यात नायक म्हणून तिने जवळजवळ अनोळखी असलेल्या रोनाल्ड कोलमनला घेतलं. १९२५ मध्ये एमजीएमने तिच्याशी करार केला, दोन वर्षांत सहा सिनेमे आणि त्याबद्दल आठ लाख डॉलर्स. गोष्ट, दिग्दर्शक, सहकलाकार या सगळ्यांत तिचा शब्द. हा करार तिच्या करिअरचं शिखर होता. माझ्या मते ती मागे पडायला सुरुवातही त्यानेच झाली.

'ला बोएम'साठी तिने किंग व्हिडॉर हा दिग्दर्शक निवडला. क्षयाने मरणाऱ्या मिमीसाठी तिने आधी क्षयाचे रुग्ण पाहिले, मरणाच्या प्रसंगाआधी तीन दिवस पाणी तोडलं, तोंड कोरडं पडावं म्हणून गालात कापूस धरला. शॉटमध्ये तिचा श्वास दिसेना, तेव्हा ती खरंच गेली की काय असं वाटून व्हिडॉर घाबरला होता. पण याच सिनेमात तिचं म्हणणं होतं की प्रेमिकांना एकमेकांना स्पर्श करू देऊ नये, ओढ त्यानेच वाढेल. स्टुडिओला ते मान्य झालं नाही. मिठ्या आणि चुंबनं नंतर घेऊन जोडली. कलाकार म्हणून तिचं बरोबर असेल, पण हे १९२६ साल होतं. आखूड केस, आखूड झगे, नाचगाणी, आणि समोर क्लारा बोसारखी नव्या जमान्याची धीट नटी. प्रेक्षक बदलला होता आणि गिशची पडद्यावरची सोशिक, निष्पाप मुलगी त्याला आपल्या आईच्या काळातली वाटायला लागली होती.

'द स्कार्लेट लेटर' करायचं तिने ठरवलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की चर्च आणि महिला मंडळं हे होऊ देणार नाहीत. तिने स्वतः पत्रं लिहिली, जबाबदारी अंगावर घेतली आणि परवानगी मिळवली. दिग्दर्शक स्वीडनचा व्हिक्टर शोस्त्रोम, नायक स्वीडिश लार्स हॅन्सन. चित्रीकरणात हॅन्सन स्वीडिशमधून बोलायचा, ती इंग्रजीतून. दोघांना एकमेकांची भाषा कळायची गरजच पडली नाही. एक मिनिट थांबून विचार कर यावर. तुझ्यासमोरचा नट तुला न कळणाऱ्या भाषेत बोलतोय आणि तुला फक्त त्याच्या डोळ्यांवर आणि श्वासावर प्रतिक्रिया द्यायची आहे. आवाज आल्यावर ही गोष्ट कायमची गेली. युरोपातले नट रातोरात परके झाले.

मग 'द विंड'. गोष्ट तिने निवडली, दिग्दर्शक आणि नायक पुन्हा तेच दोघे, पटकथा फ्रान्सिस मॅरियनची. व्हर्जिनियाहून टेक्ससच्या वाळवंटी मुलखात आलेली मुलगी, सतत घोंघावणारा वारा, आणि त्या वाऱ्याने हळूहळू जाणारा तिचा तोल. चित्रीकरण १९२७ मध्ये मोहावीच्या वाळवंटात. उष्णता १२० अंश फॅरनहाइटपर्यंत, विमानांच्या आठ पंख्यांनी तिच्या अंगावर वाळू आणि भुसा सोडलेला. उष्णतेने फिल्मवरचा थर सुटायला लागला म्हणून फिल्म बर्फात ठेवावी लागे. गाडीच्या दाराच्या मुठीला हात लावला तर तळव्याची कातडी भाजून निघाली. मूकपटात वारा ऐकू येत नाही. तो दिसावा लागतो, आणि इथे तो तिच्या डोळ्यांत दिसतो. खिडकीबाहेर वाळू उडते आणि पुरलेलं प्रेत उघडं पडायला लागतं, तो प्रसंग रात्री एकटीने बघू नकोस. कादंबरीत ती शेवटी वाऱ्यात चालत निघून जाते, पडद्यावर मात्र नवऱ्याच्या मिठीत उभी राहते. हा शेवट आपल्यावर लादला गेला, असं गिश शेवटपर्यंत सांगत राहिली.

सिनेमा तयार होऊन वर्षभर डब्यात पडून राहिला. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला होता आणि सगळा बाजार आवाजाकडे धावत होता. 'द विंड' नोव्हेंबर १९२८ मध्ये वरून आवाज-संगीत चिकटवून काढला. चालला नाही. सहापैकी पाच सिनेमे झाले होते, सहावा झाला नाही. गिश एमजीएममधून बाहेर पडली तेव्हा ३५ वर्षांची होती.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आवाजाचा. मूकपटाच्या नट्यांबद्दल ही दंतकथा इतकी घट्ट बसली आहे की अभ्यासू माणसंही ती बोलून जातात. गिशचं बालपण रंगमंचावर गेलं होतं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं ती शाळेआधी शिकली. तिचा पहिला बोलपट 'वन रोमँटिक नाइट' १९३० चा. सिनेमा बेताचा आहे, तिच्या आवाजात काहीही खोट नाही. क्लारा बोचा ब्रुकलिनचा हेल लोकांना खपला नाही असं म्हणतात, पण 'द वाइल्ड पार्टी' हा तिचा पहिला बोलपट चांगला चालला होता. तिला मोडलं ते ढासळलेल्या मनःस्थितीने आणि वर्तमानपत्रांनी केलेल्या बदनामीने. स्वीडनहून आलेल्या ग्रेटा गार्बोचं इंग्रजी तर परक्या धाटणीचं होतं आणि तिला १९३० मध्ये डोक्यावर घेतलं गेलं. उच्चारामुळे काही जणांची कामं गेली हे खरंच आहे. पण आवाजाचं निमित्त करून स्टुडिओंनी आणखी एक काम उरकलं. जुने महाग करार निकालात काढले.

गिश महाग होती, आणि तिला मत होतं. गोष्ट कुठली, दिग्दर्शक कोण, मिठी मारायची की नाही, यात तिचं चालायचं. त्याच स्टुडिओत गार्बो त्याहून कितीतरी कमी पगारावर आली होती आणि सुरुवातीला सांगितलं ते करत होती. त्यात गिशचं खासगी आयुष्य शांत, बातमी होईल असं काही नाही. एमजीएमचा निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग याने तिला सुचवलं होतं की तुझ्याबद्दल एखादं लफडं उठवून देतो, लोकांना तुझ्याबद्दल काहीतरी वाटायला लागेल. ती गोष्ट तिने आत्मचरित्रात नोंदवली आहे. तिने नकार दिला. दिवसाला पाच डॉलर आणि नाव छापायचं नाही, इथपासून ते नाव मोठं झालं तर त्याला लफडं चिकटवू, इथपर्यंत सोळा वर्षांत कंपन्यांचा हिशेब फारसा बदललेला नव्हता.

ती संपली मात्र नाही. १९३० मध्येच ब्रॉडवेवर चेखॉव्हच्या 'अंकल वान्या'त उभी राहिली, १९३६ मध्ये जॉन गिलगुडच्या 'हॅम्लेट'मध्ये ऑफीलिया झाली, आणि मग सिनेमात परत आली ती वयस्कर बायकांच्या भूमिकांत. 'ड्युएल इन द सन'साठी ऑस्करचं नामांकन, १९७१ मध्ये मानद ऑस्कर. उतारवयात ती जुन्या सिनेमांचे तुकडे घेऊन देशोदेशी फिरली, बोलली, हे जपा म्हणून सांगत राहिली. त्याची गरज किती होती ते ऐक. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या पाहणीप्रमाणे १९१२ ते १९२९ या काळात तिथे बनलेल्या जवळपास ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात अख्खे उरलेत ते १४ टक्के. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, आपोआप कुजायची, आणि चांदी काढून घ्यायला मालकच ती वितळवायचे. नव्वदी ओलांडल्यावर तिने बेट्टी डेव्हिसबरोबर 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' (१९८७) केला. पहिल्या सिनेमापासून ७५ वर्षं. २७ फेब्रुवारी १९९३ ला गेली तेव्हा ९९ वर्षांची होती.

तर आता असं कर. मोबाइल बाजूला ठेव आणि मोठा पडदा किंवा निदान टीव्ही मिळव. एखाद्या संग्रहालयाने दुरुस्त केलेली, योग्य वेगाची प्रत शोध. खात्री नसेल तर एखाद्या पात्राला दारातून चालत आत येताना बघ, ते माणसासारखं चालत असेल तर वेग बरोबर आहे. आधी 'द विंड', शक्यतो कार्ल डेव्हिसच्या संगीताची प्रत. मग 'ब्रोकन ब्लॉसम्स'. 'वे डाउन ईस्ट' त्यानंतर पुन्हा. त्यात ग्रिफिथचे गावठी विनोद फार लांबलेत, तिथे तुझा जीव रमला नाही तरी चालेल.

आणि सगळ्यात शेवटी 'द नाइट ऑफ द हंटर', १९५५ चा बोलपट. दिग्दर्शक चार्ल्स लॉटनने हा सिनेमा करण्याआधी ग्रिफिथचे मूकपट पुन्हा बसून पाहिले आणि तिला बोलावून घेतलं. त्यात ती अनाथ पोरांना सांभाळणारी म्हातारी आहे. रात्रीची वेळ. अंगणात खुनी उभा आहे, घरात पोरं झोपली आहेत. ती ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर बंदूक. अंधारात तो खुनी एक भजन गुणगुणायला लागतो. थोड्या वेळाने तीही त्याच्या सुरात सूर मिसळून तेच भजन म्हणायला लागते, मध्ये येशूचं नाव घालून, जे तो गाळत होता. तिथे डोळे मिट आणि तिचा आवाज ऐक.